व्हँकूव्हर सिटी: सहा आमदारांचा मतदारसंघ, पण मत कुणाला होतं?

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा 'व्हँकूव्हर सिटी' हा मतदारसंघ आज अस्तित्वात नाही. १८९० च्या प्रांतिक निवडणुकीत तिथे पहिल्यांदा मतदान झालं. शहर वाढलं तशा जागाही वाढल्या. १९१६ मध्ये या एकाच मतदारसंघातून सहा आमदार निवडून गेले. सर्वाधिक मतं मिळवणारे पहिले सहा विजयी, असा साधा हिशोब.

त्या सहांपैकी राल्फ स्मिथ यांचं १९१७ मध्ये निधन झालं. त्याच वर्षी प्रांतातल्या स्त्रियांना मताधिकार मिळाला. १९१८ च्या पोटनिवडणुकीत राल्फ यांच्या पत्नी मेरी एलन स्मिथ अपक्ष उभ्या राहिल्या आणि जिंकल्या. प्रांताच्या विधानसभेतल्या त्या पहिल्या महिला. १९२१ मध्ये त्या मंत्रीही झाल्या.

पण 'स्त्रियांना मताधिकार' हे अर्धंच खरं. चिनी, जपानी आणि मूलनिवासी, पुरुष असोत की स्त्रिया, आधीपासूनच मतदार यादीबाहेर होते. १९०७ मध्ये भारतीयांनाही वगळण्यात आलं. कायद्यातला शब्द होता 'हिंदू'. प्रत्यक्षात तिथले बहुतेक भारतीय शीख होते! १९१४ मध्ये 'कोमागाटा मारू' जहाज याच शहराच्या बंदरात अडवलं गेलं, तेव्हा किनाऱ्यावरच्या भारतीयांची बाजू घेऊन कुठल्याही उमेदवाराला एक मतही मिळणार नव्हतं.

१९३३ च्या निवडणुकीआधी हा मतदारसंघ मोडून बरार्ड, सेंटर, ईस्ट आणि पॉइंट ग्रे असे नवे मतदारसंघ आले. भारतीयांना प्रांतात मताधिकार परत मिळाला तो १९४७ मध्ये.