इन्स्टा आहे की, वेबसाईट कशाला?

परवा एक मित्र म्हणाला, "कंपनी काढतोय, पण वेबसाईट-बिबसाईटच्या भानगडीत पडणार नाही. इन्स्टा आहे की!" तेव्हा मी नुसती मान डोलावली. घरी आल्यावर मात्र जुन्या गोष्टी आठवायला लागल्या, म्हणून हा प्रपंच.

तर मंडळी, ही कल्पना जुनीच आहे. मार्च २००९ मध्ये 'स्किटल्स' या गोळ्यांच्या ब्रँडने आपल्या वेबसाईटच्या पहिल्याच पानावर चक्क ट्विटर सर्च लावून टाकला. कोणीही ट्विटमध्ये 'स्किटल्स' लिहा, ते कंपनीच्या दारात झळकणार! टवाळखोरांना हे कळायचा अवकाश, शिव्या आणि अश्लील विनोदांचा पाऊस पडला. दोन-चार दिवसांत तिथे ट्विटरऐवजी फेसबुकचं पान आलं.

शिव्या पुसता तरी येतात. घरमालकानेच कुलूप लावलं तर? ऑर्कुट २००४ साली आलं, भारतात तुफान चाललं आणि ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. एप्रिल २०१९ मध्ये गूगल प्लसने गाशा गुंडाळला. २९ जून २०२० ला भारत सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली आणि तिथे जमवलेले फॉलोअर्स एका फटक्यात गेले. दुकान चालू राहिलं तरी नियम बदलतात. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्ट आधी दाखवायचं ठरवलं, आणि कंपन्यांची पानं मागे पडली.

४ ऑक्टोबर २०२१ तर कोण विसरेल? मेंटेनन्स करताना एक चुकीची कमांड गेली आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप जवळजवळ सहा तास गायब! फेसबुकला दिलगिरीसुद्धा ट्विटरवर व्यक्त करावी लागली. ज्यांच्या ऑर्डरी फक्त व्हॉट्सॲपवर यायच्या, त्यांनी काय करायचं?

आता खरं सांगायचं तर डोमेनसुद्धा आपल्या मालकीचं नसतंच, दरवर्षी पैसे भरावे लागतात. सर्व्हरही बंद पडतात. पण होस्टिंगवाला नडला तर बाडबिस्तरा दुसरीकडे हलवता येतो आणि पत्ता तोच राहतो. इन्स्टावरचे फॉलोअर्स असे उचलून नेता येत नाहीत.

असो. मित्राला सांगणार आहे, गिऱ्हाईक इन्स्टावर जरूर शोध. बाजार तिथेच भरतो. पण किंमत, पत्ता, फोन नंबर एवढं लिहिलेलं एक साधं पान तरी स्वतःच्या नावावर ठेव. बाजार उठला तर गिऱ्हाइकाला घर सापडायला हवं.