बालशिक्षिका घडविणाऱ्या शिक्षिका : पद्धतीचा अधिकार आणि अनुभवाचा अधिकार

बालशिक्षणाच्या इतिहासात शाळा स्थापन करणाऱ्यांची नोंद सहसा घेतली जाते. त्या शाळांसाठी शिक्षक तयार करणारी माणसे स्वतः कशी तयार झाली, हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो. विशिष्ट साधने आणि विशिष्ट शिस्त असलेल्या पद्धतीच्या बाबतीत हा प्रश्न निर्णायक ठरतो. कारण पद्धतीचे भवितव्य अखेरीस तिच्या प्रशिक्षकांच्या हाती असते.

डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह उघडले. १९१३ पासून आंतरराष्ट्रीय अभ्यासवर्ग सुरू झाले आणि १९२९ साली आंतरराष्ट्रीय माँटेसरी संस्था स्थापन झाली. शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचा अधिकार त्यांनी कटाक्षाने स्वतःकडे व स्वतः मान्यता दिलेल्या व्यक्तींकडेच ठेवला. पद्धतीची विकृती टळावी, हा त्यामागील हेतू होता. त्या परंपरेत आजही प्रशिक्षक होऊ इच्छिणाऱ्यास पदविका आणि प्रत्यक्ष वर्गातील अनुभव यांनंतर मान्यताप्राप्त प्रशिक्षकाच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते.

भारतात या पद्धतीचा प्रसार मात्र प्रथम वेगळ्या मार्गाने झाला. व्यवसायाने वकील असलेल्या गिजुभाई बधेका यांनी केवळ ग्रंथांच्या आधारे तिचा अभ्यास केला. १९२० साली त्यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले आणि पुढे त्याला अध्यापन मंदिराची जोड दिली. अमरावतीचा संसार मागे ठेवून राजकोटच्या स्त्री अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळणाऱ्या ताराबाई मोडक १९२३ साली तेथे दाखल झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे मुंबईत दादरला ताराबाईंनी १९३६ साली शिशुविहार सुरू केला. या दोघांनीही प्रशिक्षकाचे काम आरंभिले ते डॉ. माँटेसरींच्या अनुज्ञेवाचून. गिजुभाईंचे निधन जून १९३९ मध्ये झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डॉ. माँटेसरी अड्यारला आल्या. युद्धकाळात त्यांचा मुक्काम लांबला व शेकडो भारतीय शिक्षक त्यांच्या वर्गांतून बाहेर पडले. यामुळे देशात प्रशिक्षणाचे दोन प्रवाह निर्माण झाले : एक प्रमाणपत्राचा आणि दुसरा प्रयोगाचा.

दुसऱ्या प्रवाहाचे ठळक उदाहरण अनुताई वाघ यांचे आहे. १९१० साली जन्मलेल्या अनुताईंना बालपणीच वैधव्य आले. प्राथमिक शिक्षिकेचे प्रशिक्षण घेऊन त्यांनी प्रथम नाशिक जिल्ह्यात व नंतर पुण्यात हुजूरपागेत अध्यापन केले. १९४५ साली कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवली येथील शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि त्या बोर्डीला गेल्या. त्या वेळी त्या पस्तिशीच्या, मुरलेल्या शिक्षिका होत्या. तरीही बालशिक्षणात त्यांना नव्याने विद्यार्थिनी व्हावे लागले.

बोर्डीत शहरी बालमंदिराचे गृहीतच कोसळले. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेण्यात आली. महागड्या लाकडी साधनांची जागा शिंपले, बिया, खडे आणि पाने यांनी घेतली. पाठाआधी मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे ही कामे शिक्षिकेला करावी लागली. इंद्रियशिक्षणाचे तत्त्व कायम राहिले, साधने बदलली. हा भेद ओळखण्याची दृष्टी हीच प्रशिक्षकाची खरी कसोटी होय. १९५७ साली कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांना जोडणारी विकासवाडी, तसेच गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा हे प्रयोग तेथे झाले. बालसेविकांचे प्रशिक्षणही याच परिसरात चालल्याने शिकविणारी आणि शिकणारी यांच्यासमोर मुले सतत असत. अनुताईंनी बी.ए.ची पदवी १९६१ साली, म्हणजे पन्नाशीनंतर, मिळविली. तोवर क्षेत्रातील त्यांचा अधिकार सिद्ध झालेला होता. १९७३ साली ताराबाईंच्या निधनानंतर संस्थेची धुरा त्यांच्याकडेच आली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर रूढ झाला. रायपूरच्या संदर्भात ही गोष्ट लक्षणीय आहे. अमरावती आणि रायपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात, नागपूरच्या प्रशासनाखाली होती. पुढे वाटा वेगळ्या झाल्या आणि २००० साली रायपूर छत्तीसगढची राजधानी बनले. मात्र बालशिक्षणाची परिभाषा दोन्हीकडे समान राहिली. २०२२ साली छत्तीसगढ शासनाने प्राथमिक शाळांच्या परिसरात पाच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वर्ग सुरू केले, तेव्हा त्यांना ‘बालवाडी’ हेच नाव दिले.

शब्द रायपूरपर्यंत पोहोचला. पण त्यामागील प्रशिक्षणाची रीत त्याच सहजतेने पोहोचते असे नाही. योजनेचा विस्तार झाला की प्रशिक्षण अल्पमुदतीचे होते आणि प्रशिक्षक मुलांपासून दुरावण्याचा धोका वाढतो. छत्तीसगढी, गोंडी वा हलबी बोलणाऱ्या मुलांसमोर उभ्या राहणाऱ्या सेविकेला तयार पाठ पुरत नाहीत. पाठ कोठे बदलावा हे सांगणारी अनुभवी व्यक्ती तिला हवी असते. डॉ. माँटेसरींचा शुद्धतेचा आग्रह निराधार नव्हता, कारण निरीक्षणावाचून केलेला बदल हा केवळ शैथिल्य ठरतो. बोर्डी-कोसबाडचा अनुभव त्याला एक पुरवणी जोडतो : निरीक्षण पक्के असेल, तर बदल करणे हेही पद्धतीशी इमान राखणेच असते. प्रशिक्षक घडविताना या दोन्ही अधिकारांची सांगड घालणे, हे त्या परंपरेचे अद्याप अपुरे राहिलेले कार्य आहे.