रेडिएटरची कॅप : नुसतं झाकण नव्हे, इंजिन वाचवणारा व्हॉल्व्ह; गरम असताना उघडाल तर चेहरा भाजेल

मळणी असो, रोटाव्हेटर असो की उसाची ट्रॉली, ऊन तापलं की ट्रॅक्टर गरम मारायला लागतो. काटा लाल पट्ट्यात गेला की बरेचजण बॉनेट उचलतात आणि आधी रेडिएटरची कॅप फिरवतात. नेमकी हीच चूक अंगावर येते. उकळतं पाणी आणि वाफ उसळून हात, छाती, चेहरा भाजतो. दुसरीकडे, हीच कॅप खराब असली तर इंजिन विनाकारण गरम होतं आणि खर्च हेड उतरवण्यापर्यंत जातो. म्हणून या छोट्या भागाची माहिती प्रत्येक ट्रॅक्टर, पिकअप आणि जीपवाल्याला हवी.

कॅपचं काम काय?

साधं पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं. बंद भांड्यात दाब वाढला की ते त्याहून जास्त तापल्यावर उकळतं. घरातला कुकर असाच चालतो. रेडिएटरची कॅप म्हणजे त्या कुकरची शिट्टी समजा.

कॅपवर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो. काहींवर तो पौंडात असतो. 0.9 म्हणजे साधारण 13 पौंड. शेतकामाला ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात साधारण तेवढीच हवा ठेवतात. एवढ्या दाबाखाली साधं पाणी सुमारे 118 अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे लोडवर काम करताना इंजिनला 18 अंशांची सवलत मिळते.

कॅपमध्ये दोन व्हॉल्व्ह असतात. दाब ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की मोठी स्प्रिंग उचलली जाते आणि जास्तीचं पाणी बारीक नळीतून बाटलीत जातं. इंजिन थंड झालं की आत ओढ तयार होते. मग मधली छोटी चकती उघडते आणि बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये येतं. जुन्या काही ट्रॅक्टरला बाटली नसते, तिथं जास्तीचं पाणी जमिनीवर पडतं. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनला मात्र रेडिएटरच नसतो.

कॅप खराब झाल्याची लक्षणं

- कुठेही गळती दिसत नाही, तरी पाणी वारंवार कमी होतं.
- कॅपच्या कडेला पांढरे किंवा गंजाचे डाग पडतात.
- थोड्याच लोडवर पाणी उकळून बाहेर पडतं.
- बाटली भरून वाहते, पण थंड झाल्यावर पाणी परत ओढलं जात नाही.
- सकाळी थंड इंजिनवर होज पाईप आत चपटा झालेला दिसतो. याचा अर्थ बहुधा छोटी चकती चिकटली आहे.

पाणी फार कमी झालं तर काट्यावरही भरवसा ठेवता येत नाही. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला नसेल तर इंजिन तापूनही काटा खाली राहू शकतो.

तपासणी कशी करावी?

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना कॅप काढा. रबरी वायसर कडक झाला आहे का, चिरला आहे का, ते पाहा. स्प्रिंग बोटाने दाबून पाहा, ती जोराने परत यायला हवी. मधली चकती नखाने हलकी ओढा, ती उघडून पुन्हा नीट बसली पाहिजे. रेडिएटरच्या तोंडाची आतली कडाही पुसा. तिथं गंज किंवा क्षार साचला तर नवी कॅपही दाब धरत नाही.

कॅप बदलताना आकडा तोच घ्या. कमी आकड्याची कॅप लवकर पाणी टाकते, जास्त आकड्याची लावली तर होज पाईप किंवा रेडिएटर फुटू शकतो. कापडाचा बोळा, प्लास्टिक किंवा दुसऱ्या गाडीचं झाकण लावून काम चालवू नका.

बोअरच्या जड पाण्याने आत क्षार धरतो. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रमाणात वापरा. बहुतेक कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड लागतं. काढलेलं कूलंट उघड्यावर सांडू नका. लहान मुलं, कुत्री आणि जनावरांपासून ते लांब ठेवा.

काटा लाल पट्ट्यात गेला तर

1. लोड काढा, गाडी बाजूला घ्या. पाणी बाहेर पडत असेल किंवा पंख्याचा पट्टा तुटला असेल तर इंजिन लगेच बंद करा.
2. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होज पाईप हाताला थंड लागेपर्यंत कॅपला हात लावू नका.
3. तोंड लांब ठेवून कॅपवर जाड कापड टाका. आधी पहिल्या अडणीपर्यंतच फिरवा. हवा सुटल्याचा आवाज पूर्ण थांबला की मग कॅप दाबून काढा.
4. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नका, हेड किंवा ब्लॉक तडकू शकतो.

नव्या कार आणि पिकअपमध्ये बऱ्याचदा रेडिएटरवर कॅप नसते, प्लास्टिकच्या टाकीवर असते. तिथंही दाब असतोच, त्यामुळे नियम तोच.

कॅप बदलूनही पाणी कमी होत असेल, ऑइल दुधाळ दिसत असेल किंवा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्या आणि गाडी मिस्त्रीला दाखवा. मळणीच्या दिवसांत जाळीत अडकलेला भुसाही रोज साफ करा.

भाजलंच तर

अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढा. भाजलेल्या जागेवर 20 मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तेल किंवा ऑइल लावू नका. फोड फोडू नका. चेहरा किंवा डोळे भाजले असतील, किंवा जखम मोठी असेल तर 108 वर फोन करून रुग्णालय गाठा.