पंच कार्डांवरचा थॉमस अक्वायनस
मध्ययुगीन ग्रंथांचा मजकूर यंत्राच्या हवाली करण्याचे पहिले मोठे काम रोबेर्तो बुसा या इटालियन जेझुइट धर्मगुरूंनी हाती घेतले. तेराव्या शतकातील तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याच्या लेखनातील ‘उपस्थिती’ची संकल्पना हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. ती संकल्पना बऱ्याच अंशी लॅटिनमधील ‘इन’ या एवढ्याशा अव्ययातून व्यक्त होत असल्याने बुसांनी ते अव्यय असलेली वाक्ये सुमारे 10,000 कार्डांवर हाताने उतरवली. 1946 मध्ये प्रबंध पुरा होईतो त्यांची खात्री पटली होती, की एकही शब्द न गाळलेली सूची हवी आणि ती माणसाच्या हातून होणारी नाही.

1949 मध्ये त्यांनी न्यूयॉर्कला आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांची भेट घेतली आणि कंपनीचे पाठबळ मिळवले. 1951 मध्ये अक्वायनसच्या स्तोत्रांची नमुना सूची प्रसिद्ध झाली. पद्धत अशी: मजकूर छिद्रांच्या रूपात पंच कार्डांवर चढवायचा, त्यातून प्रत्येक शब्दाचे वेगळे कार्ड काढायचे, त्यावर ग्रंथातील स्थळ नोंदायचे, मग यंत्राने कार्डे वर्णानुक्रमे लावायची. पण एकाच क्रियापदाची नाना रूपे मूळ शब्दाखाली आणणे यंत्राला जमणारे नव्हते. सर्वांत कष्टाचा हा भाग लॅटिनच्या जाणकारांनी वर्षानुवर्षे केला, आणि सूचीचे खरे मोल त्यातच आहे.

मिलानजवळच्या गालाराते गावात 1956 मध्ये बुसांचे केंद्र उभे राहिले. पुढे तिथल्या एका जुन्या कापड कारखान्यात तरुण मुलींना कार्डे छिद्रित करण्याचे शिक्षण मिळू लागले. लॅटिन न येणाऱ्या या मुलींनी लाखो शब्द अचूक उतरवले. त्यांच्या कामाला अनेक दशके श्रेय मिळाले नाही. अलीकडे संशोधकांनी त्यांच्यापैकी काहींच्या मुलाखती घेतल्या आणि ही बाजू नोंदली गेली. हे फार आधी व्हायला हवे होते.

माहिती टिकली ती वेळोवेळी नव्या साधनांवर उतरवली गेली म्हणून. कार्डांवरून ती चुंबकीय फितींवर गेली. 1974 ते 1980 या काळात ‘इंडेक्स थॉमिस्टिकस’ या नावाने या सूचीचे 56 खंड छापले गेले, अक्वायनससह इतर संबंधित लेखकांचे मिळून सुमारे 1 कोटी 10 लाख शब्द त्यांत आले. एवढा संच घरी ठेवणे एकट्या अभ्यासकाच्या आवाक्याबाहेरचे होते. 1989 मध्ये सीडी-रॉम आली, 2005 मध्ये सूची इंटरनेटवर खुली झाली, आणि मग ती कुणालाही घरबसल्या चाळता येऊ लागली.

बुसांनी काम सुरू केले तेव्हा मजकुरावर खुणा करण्याची कोणतीही समान पद्धत नव्हती. प्रत्येक प्रकल्प आपापल्या खुणा घडवी आणि त्या दुसऱ्याला कळत नसत. ऑक्सफर्ड येथे 1976 पासून इलेक्ट्रॉनिक मजकुरांचा संग्रह सुरू झाला. 1987 मध्ये अमेरिकेतील पकीप्सी येथे जमलेल्या अभ्यासकांनी टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्हचा पाया घातला. मजकुराच्या खुणा कशा कराव्यात याचे तिचे नियम आज मध्ययुगीन हस्तलिखितांच्या संपादनात सर्रास वापरले जातात.

बुसांचे 2011 मध्ये निधन झाले. त्याआधीच, 2006 मध्ये, मिलानच्या कॅथलिक विद्यापीठाने ‘इंडेक्स थॉमिस्टिकस’च्या मजकुरातील वाक्यांचे व्याकरणिक विश्लेषण सुरू केले होते. विश्लेषण केलेल्या वाक्यांचा हा संच कुणालाही उतरवून घेता येतो. अट एवढीच, की श्रेय द्यावे, व्यापारी वापर करू नये आणि सुधारित आवृत्ती त्याच अटींवर इतरांना द्यावी.