हंड्या, झुंबरं आणि लोलक

झुंबराला उर्दूत ‘झाड’ म्हणतात. किती नेमका शब्द आहे! मधोमध खोड, चारी बाजूंना वळलेल्या फांद्या आणि फांदीफांदीला लोंबणारी काचेची फळं. या झाडासोबत येणारा ‘फानूस’ अरबी-फारसीतून आला, आणि तिथं तो ग्रीक भाषेतून पोचला होता. ‘शमादान’ मधली शमा म्हणजे मेण, मेणबत्ती. आणि ‘लोलक’ आपला अस्सल संस्कृत. जो डोलतो, हलतो तो. छताला टांगलेल्या एका वस्तूत इतक्या भाषा गुण्यागोविंदानं नांदतात, याचं मला कवी म्हणून फार अप्रूप वाटतं.

अलीकडे जुनं झुंबर घरात लावायची हौस पुन्हा वाढली आहे. वाडे पडताहेत, त्यांच्या जागी इमारती उभ्या राहताहेत, आणि दिवाणखान्यातली झुंबरं पोत्यात भरून मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर येऊन पडताहेत. घेणारा विचारतो, ‘अस्सल आहे ना?’ विकणारा म्हणतो, ‘साहेब, बेल्जियमचं आहे.’ आपल्याकडे जुनी चांगली काच दिसली की ती बेल्जियमची! या प्रश्नाचं खरं उत्तर झुंबराच्या अंगावरच लिहिलेलं असतं. फक्त ते वाचायला त्याचा थोडा इतिहास ठाऊक हवा.

व्हेनिसची काच पातळ, नाजूक. तिला फुंकून फुलापानांचे आकार देता येत, पण खोल पैलू पाडता येत नसत. १६७४ साली लंडनच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टनं शिसं मिसळलेल्या काचेचं पेटंट घेतलं. शिशामुळे काच जड झाली, चाकावर कापण्याइतकी मऊ झाली, आणि मुख्य म्हणजे तिच्यात शिरलेला उजेड जास्त वाकू लागला. लोलकातून सात रंग सांडतात, त्यामागे ही शिशाची करामत आहे. तिकडे बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, १७२४ पासून कामेनित्स्की शेनोव्ह या गावी झुंबरं घडू लागली होती. फ्रान्सचा बाकाराचा कारखाना १७६४ चा.

मग आला कर. १७४५ मध्ये ब्रिटिश सरकारनं काचेवर वजनाप्रमाणे कर बसवला, १७७७ मध्ये तो दुप्पट केला. काच जितकी जड तितका कर जास्त, म्हणून कारागिरांनी युक्ती काढली. जाडजूड फांद्यांऐवजी पितळेचं कडं घ्यायचं आणि त्याला छोट्या छोट्या लोलकांच्या माळा सोडायच्या. वरून तंबूसारखी उतरती, खालून पिशवीसारखी फुगलेली ती झुंबरं आज राजेशाही वाटतात. पण त्या घाटाच्या मुळाशी सरकारी करही आहे. आयर्लंडवर तेव्हा हा कर नव्हता. तिथल्या वॉटरफर्ड गावी १७८३ मध्ये कारखाना निघाला आणि जड काचेसाठी नावाजला गेला. इंग्लंडमधला कर १८४५ मध्ये उठला आणि इंग्रजी झुंबरं पुन्हा अंगानं भरली.

आपल्या राजेरजवाड्यांचा काळ इथून सुरू होतो. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीनं १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात सत्तावीस फूट उंच, चार टन काचेचं कारंजं उभं केलं होतं. १९३६ मध्ये क्रिस्टल पॅलेसला आग लागली, त्यात ते गेलं. पण कंपनी धोरणी. कोलकात्यात तिनं १८४० च्या दशकातच दुकान थाटलं होतं. गिऱ्हाइकं कुठं आहेत, हे तिला बरोबर कळलं होतं. ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा १८७४ मध्ये पुरा झाला. त्याच्या दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची. छत पेलेल का, हे पाहायला शिंद्यांनी आधी छतावर हत्ती चढवले, असं सांगतात. हत्ती आठ होते की दहा, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही! लखनौचा हुसेनाबाद इमामबाडा, हैदराबादच्या चौमहल्ल्यातली एकोणीस झुंबरं, गोव्यात चांदोरच्या ब्रागांझा घराण्याच्या वाड्यातला नाचाचा दिवाणखाना. सगळीकडे उजेड बाहेरून आणलेला.

अपवाद भूजचा. रामसिंग मालम नावाचा एक खलाशी समुद्रात सापडला, डच जहाजानं त्याला वाचवलं आणि हॉलंडला नेलं, अशी कथा आहे. तिकडे तो काच, मीनाकाम, घड्याळं शिकला. परतल्यावर अठराव्या शतकाच्या मध्यात त्यानं राव लखपतजींसाठी आयना महाल सजवला आणि मांडवीला काचेचा कारखाना काढला. २००१ च्या भूकंपात या महालाची मोठी हानी झाली. ग्वाल्हेरच्या साडेतीन टनांपेक्षा मला या खलाशाचं मोल अधिक वाटतं. एकानं वस्तू आणली, दुसऱ्यानं विद्या आणली. महाराष्ट्रात ती यायला विसावं शतक उजाडावं लागलं. तळेगावचा पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ चा. लोकांच्या एकेका पैशातून उभा राहिलेला. पुढे ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. झुंबर नाही, कंदील. ते एका अर्थी योग्यच झालं.

आता दुकानात जाऊ. झुंबराची फांदी आधी पाहा. मेणबत्तीच्या काळातली काचेची फांदी बहुधा भरीव असते. टोकाशी मेणाचे थेंब झेलणारी ताटली असते, आणि विजेची तार नंतर बाहेरून गुंडाळलेली दिसते. फांदी पोकळ असेल आणि तार आतून गेली असेल, तर झुंबर गॅसच्या किंवा विजेच्या काळातलं समजावं. मग लोलक हातात घ्या. शिशाची काच वजनाला जाणवते, हलकेच टिचकी मारली की नाद देते. हातानं पाडलेल्या पैलूंच्या कडा धारदार, पण एक लोलक दुसऱ्याची हुबेहूब नक्कल नसतो. साच्यात दाबलेल्या काचेच्या कडा गुळगुळीत असतात आणि कुठंतरी जोडाची बारीक रेघ सापडते. १८९२ मध्ये डॅनियल स्वारोव्स्कीनं काच कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. सगळे लोलक तंतोतंत सारखे असतील, तर ते बहुधा त्यानंतरच्या यंत्रयुगातले. काही जुने लोलक किंचित जांभळट दिसतात. ती काच स्वच्छ दिसावी म्हणून तिच्यात मँगनीज घालत, आणि वर्षानुवर्षांच्या उन्हानं त्याला ती छटा येते. तो दोष मानू नये.

आणि वंशावळीवर फार भरवसा ठेवू नये. इस्तंबूलच्या डोल्माबाहचे राजवाड्यात साडेचार टनांचं, साडेसातशे दिव्यांचं झुंबर आहे. राणी व्हिक्टोरियानं ते सुलतानाला भेट दिलं, असं दीडशे वर्षं सांगितलं जात होतं. २००६ मध्ये कागदपत्रांत पावती सापडली. सुलतानानं रोख पैसे मोजले होते! सुलतानाच्या घरी ही गत, तर आपल्या दुकानदाराचं ‘संस्थानिकांकडून आलंय’ किती मनावर घ्यायचं? शंभर वर्षं पुरी झालेली वस्तू आपल्या १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरू शकते आणि ती परदेशी नेता येत नाही, हे मात्र ध्यानात असू द्यावं.

‘जसंच्या तसं’ जुनं झुंबर जवळजवळ नसतंच. लहानपणी उरुसाच्या आधी दर्ग्यातली झुंबरं उतरवली जात. आम्ही मुलं रिठ्याच्या पाण्यात लोलक बुडवून बसायचो. दरवर्षी दोन-चार फुटत, आणि त्याहून जास्त मुलांच्या खिशात जात, डोळ्याला लावून गाव रंगीत पाहायला. त्यांच्या जागी फिरोजाबादचे लोलक येत. देवळातली झुंबरंही अशीच वर्षानुवर्षं ठिगळं लावून टिकली आहेत. दुरुस्ती हा त्या वस्तूच्या आयुष्याचाच भाग आहे. तिच्यासाठी किंमत पाडून मागा, पण नाक मुरडू नका. फक्त मुख्य खोड आणि फांद्या एकाच घराण्यातल्या हव्यात.

घर नऊ-साडेनऊ फूट उंचीचं असेल, तर मोठ्या झुंबराचा मोह टाळलेला बरा. खालचा लोलक जमिनीपासून सात फुटांवर तरी राहायला हवा. अशा खोलीला एकच हंडी शोभते. जुन्या वाड्यांतही माजघराला हंडीच असे. जेवणाच्या टेबलावर, जिथून कुणी चालत जात नाही, तिथं झुंबर खाली आलं तरी चालतं. कडी पीओपीच्या छताला नाही, वरच्या स्लॅबला ठोकून घ्यावी आणि झुंबराच्या दुप्पट-तिप्पट वजन टांगून आधी पाहावी. हत्ती नकोत, सिमेंटची पोती पुरतील. जुनी रबरी तार कडक होऊन तडकते, ती सगळी काढून टाकावी. दिवा दुधी घेऊ नये. उजेडाचा बिंदू बारीक असला तरच लोलक रंग उधळतो. दुधी दिव्यात तोच लोलक मुका होतो. पांढरा थंड उजेडही नको. मेणबत्तीच्या पिवळसर उजेडासाठी घडवलेली काच ती.

आणि तुमच्याच घरचा वाडा उतरवायचा असेल, तर झुंबर मजुराच्या हाती देण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक फांदीला चिकटपट्टीवर आकडा घाला. माळा एकत्र न कोंबता वेगवेगळ्या जुन्या लुगड्यात गुंडाळा. फुटका लोलकही फेकू नका. फिरोजाबादच्या कारागिराला नवा घडवायला तोच नमुना लागतो.