मुलांसाठी जलतरण संघ निवडताना : पदकांआधी वेळापत्रक पाहा

उन्हाळी सुटीतील पोहण्याचे शिबिर संपत आले की, ‘मूल चांगले पोहते, संघात घालणार का?’ असा प्रश्न प्रशिक्षकांकडून येतो. होकार क्षणात दिला जातो. पण त्यासोबत घराचे वर्षभराचे वेळापत्रक बदलते. संघाची पदके प्रथम डोळ्यांत भरतात. वस्तुतः आठवड्यात सत्रे किती, ती कोणत्या वेळी आणि एखादे चुकल्यास काय होते, या तीन प्रश्नांवर मूल पाण्यात टिकणार की नाही, हे ठरते.

शिबिर आणि संघ

शिबिराचा हेतू पोहता येणे एवढाच असतो. संघात फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय या चारही शैलींचे तंत्र, उडी, वळण आणि घड्याळातील वेळ यांवर काम होते. वयोगटाच्या स्पर्धांत वय जन्मवर्षावरून धरले जाते. त्यामुळे जानेवारीत जन्मलेले आणि डिसेंबरमध्ये जन्मलेले मूल एकाच गटात उतरते. लहान वयातील पदक अनेकदा लवकर वाढलेल्या उंचीचेही असते. त्यावरून संघाची किंवा मुलाची पारख करू नये.

सराव किती असावा?

सात ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्यात दोन-तीन सत्रे साधारणतः पुरतात. दहा ते बारा वर्षांपर्यंत ती तीन ते पाच होऊ शकतात. राष्ट्रीय स्तराचे ध्येय असल्यास तेराव्या वर्षानंतर रोजचा, प्रसंगी दोन वेळचा सराव सुरू होतो. क्रीडावैद्यकातील एक सोपा दंडक असा, की आठवड्यातील सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याहून अधिक नसावेत. आठवड्यात किमान एक दिवस पूर्ण विश्रांतीचा असावा.

झोपेचा हिशेबही मांडावा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, तर तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. पहाटे साडेपाचच्या सत्रासाठी पावणेपाचला उठणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलाने रात्री पावणेआठला झोपले, तर जेमतेम नऊ तास भरतात. गोव्यात बहुतेक शाळा सकाळी आठच्या सुमारास भरतात आणि दुपारी सुटतात. त्यामुळे येथे संध्याकाळचे सत्र अधिक सोयीचे ठरते. पेडणे किंवा काणकोणहून पणजीतील कांपाल तलावावर येणाऱ्या कुटुंबाने प्रवासाचा वेळही सरावातच धरावा.

मोठी स्वप्ने

कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उतरला, तेव्हा तो १६ वर्षांचा होता. २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवले. बंगळुरूची धिनिधी देसिंगू १४ व्या वर्षी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पोहली. अशी वाट असते. परंतु ती मुलाने कळत्या वयात स्वतः निवडावी. नवव्या वर्षी पालकांनी निवडून ठेवू नये.

प्रवेशाआधी विचारावयाचे प्रश्न

• परीक्षेच्या काळात गैरहजर राहिल्यास गटातील जागा जाते का?
• सराव झेपत नसल्यास कमी सत्रांच्या गटात परतता येते का?
• प्रत्येक स्पर्धेत भाग घेणे सक्तीचे आहे का? प्रवासखर्च कोण करतो?
• एका लेनमध्ये किती मुले असतात? प्रशिक्षकाखेरीज जीवरक्षक उपस्थित असतो का?
• उघड्या तलावावर विजा चमकू लागल्यास सराव थांबवला जातो का?
• मुलींसाठी कपडे बदलण्याची स्वतंत्र, सुरक्षित खोली आहे का? पालकांना सराव पाहता येतो का?

यांतील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वाधिक बोलके असते. ज्या संघात केवळ वर चढण्याची सोय आहे, तेथे थकलेल्या मुलापुढे खेळ सोडण्यावाचून पर्याय उरत नाही.

शुल्क भरण्यापूर्वी एक सत्र काठावर बसून पाहावे. सर्वांत वेगवान मुलावर नजर न खिळवता, सर्वांत शेवटी भिंतीला हात लावणाऱ्या मुलाशी प्रशिक्षक काय बोलतात, ते ऐकावे. प्रवेशानंतर तीन महिन्यांनी मुलाशी निवांत बोलावे. खांदा दुखणे, वर्गात डुलकी लागणे, तलावावर जाण्याच्या वेळी रोज पोट दुखणे, या गोष्टींना आळस समजू नये; सत्रे कमी करावीत आणि दुखणे राहिल्यास डॉक्टरांना दाखवावे. दोन सत्रे कमी केल्याने एखादे पदक हुकेल. पण पाण्याची गोडी टिकली, तर पोहणे आयुष्यभर सोबत राहील.