सीमेच्या दोन्ही बाजूंना: आयर्लंडच्या सीमाभागातील दारिद्र्यनिर्मूलनाचे सहकार्य

आयर्लंड बेटाचे दोन नकाशे शेजारी ठेवून पाहावेत. पहिला राजकीय, दुसरा कॅथलिक धर्मप्रांतांचा. राजकीय नकाशावर ईशान्येकडील सहा परगणे वेगळ्या रंगात दिसतात. ते उत्तर आयर्लंड, म्हणजे युनायटेड किंग्डमचा भाग. उरलेल्या सव्वीस परगण्यांचे आयर्लंड प्रजासत्ताक झाले. धर्मप्रांतांच्या नकाशावर मात्र ही रेषा कोठेच सापडत नाही. अर्मा हा महाधर्मप्रांत आणि डेरी, क्लॉहर व किलमोर हे धर्मप्रांत सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले आहेत. क्लॉहर धर्मप्रांताला ज्या गावाचे नाव मिळाले ते गाव उत्तरेत टिरोन परगण्यात, तर धर्मप्रांताचे कॅथेड्रल दक्षिणेत मॉनहन येथे. १९२१ साली बेटाची फाळणी झाली, तरी ख्रिस्तसभेने आपल्या धर्मप्रांतांची फाळणी केली नाही. बिशपांची परिषद एकच राहिली. आपल्या अनेक धर्मग्रामांत कार्य करणारी सेंट विन्सेंट डी पॉल संस्थाही तेथे दोन्ही बाजूंच्या गरिबांसाठी एकच संस्था म्हणून काम करते.

दोन देशांनी मिळून दारिद्र्य आणि सामाजिक वंचितता यांच्याशी झुंज देण्याचे अनेक प्रयोग युरोपमध्ये झाले आहेत. त्यांतील आयर्लंडच्या सीमाभागाचा प्रयोग आम्ही येथे निवडला आहे. सीमाच दारिद्र्य कशी निर्माण करते, हे तेथे स्पष्ट दिसते.

१९२३ साली सीमेवर जकात नाकी बसली. डेरी हे मोठे बंदर उत्तरेत राहिले, पण त्याची नैसर्गिक बाजारपेठ असलेला डोनेगाल परगणा दक्षिणेत गेला. शहराचे ग्राहक तुटले आणि डोनेगालची बाजारपेठ तुटली. गावे होती तेथेच होती, परंतु कालपर्यंत मध्यावर असलेले गाव आता दोन्ही राजधान्यांच्या दृष्टीने कडेला पडले. कडेच्या गावाकडे रस्ता, इस्पितळ आणि कारखाना सर्वांत शेवटी पोहोचतो. पुढे १९६९ च्या सुमारास सशस्त्र संघर्ष पेटला. त्यात साडेतीन हजारांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. सीमेवरील बहुतेक लहान रस्ते ब्रिटिश लष्कराने खड्डे पाडून वा अडथळे घालून बंद केले. कॅव्हन आणि फर्मॅना या परगण्यांना जोडणारा अॅगलेन येथील पूल १९७० च्या दशकाच्या आरंभी स्फोटाने उडवून देण्यात आला. जवळच्या बेल्टरबेट या बाजारगावाला त्याची झळ कित्येक वर्षे सोसावी लागली. हा पूल पुन्हा बांधून १९९९ साली खुला झाला.

हे सर्व घडत असताना काही माणसांनी सरकारची वाट पाहिली नाही. जॉन ह्यूम (१९३७-२०२०) हे डेरीचे सुपुत्र. धर्मगुरू होण्यासाठी ते मेनूथच्या सेमिनरीत दाखल झाले होते. पुढे ते सोडून शिक्षक झाले. सावकाराच्या दारी जाणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांसाठी त्यांनी १९६० साली काही सहकाऱ्यांबरोबर डेरी क्रेडिट युनियन ही पतसंस्था उभारली. सभासदांनीच ठेवी ठेवायच्या आणि सभासदांनीच परस्परांना माफक व्याजाने कर्ज द्यायचे, एवढीच तिची कल्पना. वसईकरांना ती नवी वाटणार नाही. मोन्सेनियर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली स्थापन केलेली बॅसीन कॅथलिक बँक सहकाराच्या याच तत्त्वावर उभी राहिली. आयर्लंडमधील पतसंस्थांचा महासंघही उत्तर-दक्षिण असा भेद न करता संपूर्ण बेटासाठी एकच राहिला आणि १९६४ साली ह्यूम त्याचे अध्यक्ष झाले. पुढे त्यांना नोबेल शांतता पुरस्कार (१९९८) आणि भारत सरकारचा गांधी शांतता पुरस्कार (२००१) लाभला. तरी या सन्मानांच्या गर्दीत त्यांच्या पतसंस्थेची आठवण मागे पडू नये, असे आम्हांस वाटते.

१९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे आयर्लंडला आले. संत पॅट्रिकच्या अर्मा नगरीस त्यांनी भेट द्यावी, अशी अनेकांची इच्छा होती. परंतु २७ ऑगस्ट रोजी लॉर्ड माउंटबॅटन, म्हणजे आपल्या देशाचे अखेरचे व्हाइसरॉय, स्लायगो परगण्याच्या किनाऱ्यावर बाँबस्फोटात मारले गेले. त्याच दिवशी उत्तरेत अठरा ब्रिटिश सैनिकही ठार झाले. पोप महोदयांना उत्तरेत जाता आले नाही. २९ सप्टेंबर रोजी ते ड्रॉहेडा येथे बोलले. ड्रॉहेडा सीमेच्या दक्षिणेस आहे, पण धर्मप्रांत अर्माचाच! हिंसेचा मार्ग सोडा, अशी कळकळीची विनवणी त्यांनी तेथे केली. ती लगेच ऐकली गेली नाही.

शासकीय पातळीवरील सहकार्य हळूहळू आकारास आले. १९८६ साली ब्रिटन आणि आयर्लंड यांनी आयर्लंडसाठी आंतरराष्ट्रीय निधी स्थापन केला. त्यात अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व युरोपीय समुदाय यांनी भर घातली. एकोणिसाव्या शतकात बांधलेला आणि काही वर्षांतच ओस पडलेला शॅनन व अर्न नद्यांमधील कालवा या निधीच्या साहाय्याने १९९४ साली पुन्हा वाहता झाला आणि लीट्रिम, कॅव्हन व फर्मॅना येथील उपेक्षित गावांना नौकाविहाराच्या पर्यटनातून रोजगार मिळू लागला. त्याआधी १९९२ साली दोन्ही बाजूंच्या आरोग्य मंडळांनी बॅलिकॉनेल येथे करार करून सीमाभागातील रुग्णसेवा एकत्रितपणे सुधारण्याचे ठरवले होते.

१९९४ च्या शस्त्रसंधीनंतर गती आली. युरोपीय संसदेत उत्तर आयर्लंडचे तीन सदस्य होते: ह्यूम, जिम निकल्सन आणि रेव्हरंड इयन पेस्ली. १९८८ साली याच संसदेत पोप जॉन पॉल यांच्या भाषणात आरडाओरडा करून व्यत्यय आणणारे आणि त्यासाठी सभागृहाबाहेर काढले गेलेले पेस्ली ते हेच! या तिघांचे एकमत होणे विरळाच. परंतु आपल्या दरिद्री वस्त्यांसाठी साहाय्य मागण्यास ते तिघे एकत्र युरोपीय आयोगाचे अध्यक्ष जाक देलोर यांच्यापुढे गेले. त्यातून १९९५ साली ‘पीस’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. उत्तर आयर्लंड आणि दक्षिणेतील कॅव्हन, डोनेगाल, लीट्रिम, लाउथ, मॉनहन व स्लायगो हे सहा परगणे त्याचे क्षेत्र ठरले. रोजगार, ग्राम व नगर पुनरुज्जीवन आणि सीमापार विकास यांच्या बरोबरीने वंचितांना समाजात सामावून घेणे हे त्याचे प्रमुख उद्दिष्ट होते.

या कार्यक्रमाची कार्यपद्धती आम्हांस विशेष लक्षणीय वाटते. सारा निधी मंत्रालयातून वाटला गेला नाही. उत्तरेत प्रत्येक जिल्ह्यासाठी एक भागीदारी मंडळ नेमले गेले. त्यात एक तृतीयांश निवडून आलेले नगरसेवक, एक तृतीयांश स्वयंसेवी व वस्ती पातळीवरील संघटनांचे प्रतिनिधी आणि उरलेले उद्योग, कामगार संघटना व शासकीय संस्था यांचे प्रतिनिधी असत. एरवी परस्परांशी बोलण्यासही नाखूश असलेल्या पक्षांचे नगरसेवक या मंडळांत एका मेजाभोवती बसू लागले, कारण न बसल्यास आपल्या वस्तीचा पाळणाघराचा वा प्रशिक्षण केंद्राचा प्रस्ताव बारगळणार होता. १० एप्रिल १९९८ रोजी, उत्तम शुक्रवारी, शांतता करार झाला. त्यानुसार स्थापन झालेल्या उत्तर-दक्षिण संस्थेकडे पुढे या निधीची व्यवस्था सोपवण्यात आली. डेरीमध्ये फॉइल नदीवर २०११ साली खुला झालेला शांती पूल याच निधीतून उभा राहिला. बहुसंख्य कॅथलिकांचा किनारा आणि बहुसंख्य प्रॉटेस्टंटांचा किनारा आता पायी जोडला गेला आहे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पैसा मागण्यासाठी लांबलचक अर्ज भरावे लागत. ज्या वस्तीत आधीच संघटना होती तिला ते जमले. जेथे कोणीच पुढाकार घेणारे नव्हते ती वस्ती मागे राहिली. कॅथलिक वस्त्यांत संघटनांचे जाळे तुलनेने दाट होते, त्यामुळे गरीब प्रॉटेस्टंट वस्त्यांत अन्यायाची भावना बळावली. आपण कॅथलिकांनी ही तक्रार गांभीर्याने ऐकावयास हवी. निधीची मुदत संपताच बंद पडलेले प्रकल्पही थोडे नव्हते. आणि बेलफास्टमधील दोन समाजांना विभागणाऱ्या अनेक भिंती करारानंतर पाव शतक उलटूनही उभ्या राहिल्या.

सर्वांत कठीण कसोटी मात्र आयर्लंडच्या फिरस्त्या समाजाची आहे. त्यांना तेथे ‘ट्रॅव्हलर’ म्हणतात. आपल्याकडील भटक्या-विमुक्तांची आठवण व्हावी, असे त्यांचे जीवन: पूर्वी पत्र्याची भांडी करणे, घोड्यांचा व्यापार, तांड्याने प्रवास, आणि गावात शिरताच संशयाच्या नजरा. हा समाज बहुतांशी श्रद्धाळू कॅथलिक आहे, तरी कॅथलिकांनीच त्याला शेजारी म्हणून नाकारल्याची उदाहरणे दोन्ही बाजूंना विपुल आहेत. २०१० साली दोन्ही आरोग्य खात्यांच्या सहकार्याने या समाजाचे अखिल आयर्लंड आरोग्य सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. माहिती गोळा करण्याचे काम समाजातीलच शेकडो स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण देऊन त्यांच्यावर सोपवण्यात आले होते. दक्षिणेत ट्रॅव्हलर पुरुषांचे आयुर्मान इतरांपेक्षा सुमारे १५ वर्षांनी आणि स्त्रियांचे सुमारे साडेअकरा वर्षांनी कमी असल्याचे त्यातून उघड झाले. उत्तरेच्या कायद्याने या समाजाला १९९७ साली स्वतंत्र वांशिक समूह म्हणून संरक्षण दिले होते. दक्षिणेत अशी मान्यता १ मार्च २०१७ रोजी मिळाली. मधली वीस वर्षे सीमा ओलांडणाऱ्या ट्रॅव्हलर कुटुंबाची ओळखच रस्त्यात बदलत असे.

२०१६ साली ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, तेव्हा सीमाभागात चिंता पसरली. जकात नाकी परत येतील काय, हा प्रश्न वयोवृद्धांना १९२३ पर्यंत मागे घेऊन गेला. २०२० साली ब्रिटन बाहेर पडले. नाकी मात्र या सीमेवर परतली नाहीत. मालाची तपासणी ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्यामधील बंदरांवर गेली व तिचे नियम २०२३ च्या विंडसर चौकटीने पुन्हा ठरवले गेले. ‘पीस’ कार्यक्रमही थांबला नाही. २०२१ ते २०२७ या टप्प्यासाठी युरोपीय संघ, ब्रिटन, आयर्लंड आणि उत्तर आयर्लंडचे प्रशासन यांनी मिळून सुमारे ११० कोटी युरो देण्याचे मान्य केले. दरम्यान डेरीच्या आल्टनागेल्विन इस्पितळात दोन्ही शासनांच्या खर्चाने कर्करोग केंद्र उभे राहिले आणि २०१६ च्या अखेरीस तेथे उपचार सुरू झाले. किरणोपचारासाठी पूर्वी गॉलवे किंवा डब्लिनपर्यंत जावे लागणारे डोनेगालचे रुग्ण तेव्हापासून सीमा ओलांडून तेथे जाऊ लागले.